पाचाच्या वर कोणी लिहिलं नाही

सन्माननीय अध्यक्षा आणि आपल्या गावच्या नगराध्यक्षा श्रीमती मादाउ. आजचे सत्कारमूर्ती डॉ. ओरेस्ते गारेल्ली, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि चौदा वर्षं आमच्यामुळे गार झालेलं जेवण जेवलेल्या श्रीमती लिदिया, आरोग्य खात्याच्या जिल्हा कार्यालयातून एवढा घाट चढून आलेले श्री. कोर्रियास, मंगळवारच्या गटातले माझे सोबती, म्हणजे खुर्चीत बसलेले, चाकाच्या खुर्चीत बसलेले आणि एकदा बसलं की उठणं जड जातं म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले, आणि पेर्दास्तेरीच्या समस्त ग्रामस्थहो,

मी बोनारिया. वाचनालयात असते. आज मी बोलते आहे, कारण दुसरं कोणी तयार झालं नाही. बाकिस काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी मेंढरांशी बोलतो. ती टाळ्या वाजवत नाहीत, तेच बरं आहे." एफिसिया मावशींना विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "भाषण कोण कोण ऐकणार आहे?" म्हटलं, सगळं गाव. "मग तर नकोच," म्हणाल्या. हे उत्तर लक्षात ठेवा. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं.

मी लिहून आणलं आहे. गेली अकरा वर्षं, म्हणजे हा आजार आल्यापासून, मी रोज डायरी लिहिते आणि माझ्या आठवणीवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

डॉक्टर, तुम्ही चौदा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या पिएमोंतहून इथे आलात, तेव्हा गावात पहिली बातमी काय पसरली, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. "आणखी एक आला रक्त न्यायला." आपल्या बेटावर मल्टिपल स्क्लेरोसिस बाकीच्या देशापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे समुद्रापलीकडून माणसं यायची, दंडातून रक्त काढायची, आजोबा-पणजोबांची नावं विचारायची आणि निघून जायची. पुढे त्या रक्ताचं काय झालं, ते कोणी कळवत नसे. तुम्ही सहा महिन्यांत जाल, यावर सहकारी संस्थेच्या दुकानात पैजा लागल्या होत्या. पैज हरलेले तिघे आज सभागृहात आहेत. मी नावं घेत नाही.

संशयाचं म्हणाल, तर हा आजारच संशयाचा आहे. आपल्याच शरीराला आपल्याच नसांचा संशय येतो आणि ते त्यांच्यावरचं आवरण कुरतडत सुटतं. मग ज्याचं शरीर असं वागतं, त्या माणसानं कोणावर विश्वास ठेवायचा? सकाळी उठल्यावर पायाला मुंग्या आल्या, तर आधी कोणाला धरायचं? अवघडून झोपल्याला? कालच्या उन्हाला? अंगात मुरलेल्या तापाला? की हा नवा झटका आहे? तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडे आपापला आरोपी तयार होता. कोणी म्हणे जुन्या खाणीचं पाणी. कोणी म्हणे आज्यांच्या काळात मलेरियासाठी घरोघर झालेली फवारणी. कोणी मेंढीच्या चीजवर आळ घेतला, आणि तोही चीज खात खात. माझ्या आईचा संशय माझ्या नणंदेवर होता. ती लग्नात माझ्या पायांकडे बघून "काय सुरेख चालते!" म्हणाली होती म्हणे.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. नणंदेचंसुद्धा. आणि मग म्हणालात, "मला माहीत नाही."

आम्ही हादरलो. डॉक्टरला माहीत नाही, तर मग हा इथे कशाला आला?

पण जेवढं माहीत होतं, तेवढं तुम्ही लपवलं नाहीत. सिगारेटनं हा आजार भरभर पुढे सरकतो, हे नक्की. ड जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांचं बहुधा जास्त बिघडतं, पण गोळ्या घेऊन किती फरक पडतो, ते अजून पक्कं नाही. उष्म्यानं लक्षणं वाढतात, पण अंग गार झालं की ओसरतात, म्हणून लगेच घाबरायचं नाही. साध्या सर्दी-तापाला हलकं धरायचं नाही. हालचाल केल्यानं थकवा कमी होतो, वाढत नाही. आणि यातलं काहीही औषधाच्या ऐवजी नाही. बाकीचं शोधायचं म्हणून तुम्ही आम्हाला निळ्या वह्या दिल्यात. रोज जेवणाआधी सहा ओळी: झोप किती, सिगारेटी किती, ऊन किती, चालणं किती, ताप किंवा उष्मा, आणि शेवटी अंगातली ताकद, शून्य ते दहा.

नऊ वर्षं तेवीस माणसांनी त्या वह्या भरल्या. त्या गोळा करून टंकित करण्याचं काम माझं.

आता तुमच्या संशयी स्वभावाबद्दल. आजच्या दिवशी सत्कारमूर्तीबद्दल असं बोलू नये, पण बोलते. तुम्ही प्रत्येक वहीचा वास घ्यायचात. बाकिस काकांच्या वहीत रोज "सिगारेटी दोन".

"आणि तिसरी?" तुम्ही विचारलंत.

"ती बायकोची."

"तुमची बायको सात वर्षांपूर्वी वारली ना?"

"म्हणून तर तिच्या वाटची मला ओढावी लागते, डॉक्टर."

तुम्ही हसला नाहीत. तिसरी लिहून घेतलीत. पुढच्या वर्षी काकांनी बायकोच्या वाटची सोडली आणि त्याच्या पुढल्या वर्षी स्वतःच्या वाटच्या दोन्ही. गावात कोणी मान्य करणार नाही, पण हा चमत्कार तुमच्या नाकाचा आहे.

उन्हाबाबत तुमचा संशय बरोबर निघाला. आमच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून तुम्ही डोक्याला हात लावलात. एवढ्या उन्हाच्या बेटावर एवढं कमी? मग घरोघर हिंडून पाहिलंत. अकरा ते पाच खिडक्यांची झापडं बंद, आणि आत आम्ही काळोखात. एफिसिया मावशींनी तुम्हाला ऐकवलं, "ऊन मेंढरांसाठी असतं. माणसाला देवानं छप्पर दिलंय."

आणि मग पाच वर्षांपूर्वी तुम्ही मंगळवारचा गट काढलात. सकाळी आठला, ऊन तापायच्या आत, चाकाची खुर्ची चढवणारी लिफ्टवाली बस. पाइनच्या सावलीतून चालणं, मग गार पाण्याच्या तलावात प्रशिक्षिकेबरोबर व्यायाम. हिवाळ्यात शाळेची व्यायामशाळा. आम्ही कुरकुरलो. "चालता येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेले, तर हा म्हणतो चाला!" हे वाक्य कोणाचं, ते मावशींना विचारा. पण गेलो. आणि खरं सांगायचं तर... खरं सांगायचं तर, इथूनच माझं भाषण निरोपाच्या भाषणासारखं राहत नाही. अध्यक्षांनी मला थोडा वेळ जास्त द्यावा.

सप्टेंबरमध्ये जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं. मंगळवारचा गट ऑक्टोबरअखेर, म्हणजे या महिनाअखेर बंद. बसही बंद, प्रशिक्षिकाही बंद. कारण एका ओळीत होतं: गट सुरू होण्याआधी रुग्णांच्या ताकदीची सरासरी चार पूर्णांक एक, पाच वर्षांनंतर चार. उपयोग दिसून येत नाही.

त्या दिवशी माझ्या डायरीत एकच वाक्य आहे: "हे कोणीतरी केलंय."

श्री. कोर्रियास, मला क्षमा करा, पहिला संशय तुमच्यावर. आकडे तुमच्या कार्यालयात बदलले असणार. दुसरा संशय, आणि हे सांगताना मला लाज वाटते आहे, डॉक्टरांवर. पत्र बरोबर त्यांच्या निवृत्तीच्या तोंडावर आलं होतं. सहकारी संस्थेच्या दुकानात कोणीतरी म्हणालं, "जाता जाता दार ओढून घेतलंन." मी तिथे उभी होते. चौदा वर्षं ज्या माणसानं आमचं ऐकून घेतलं, त्याच्यासाठी मी तोंड उघडलं नाही, हे मी त्या दिवशी डायरीतसुद्धा लिहिलं नाही. आज सांगते आहे.

मग मी पुरावा शोधायला बसले. तेवीस जणांच्या नऊ वर्षांच्या वह्या वाचनालयाच्या लांब मेजावर मांडल्या आणि कार्यालयानं वापरलेल्या आकड्यांशी एकेक ओळ ताडून पाहिली. तीन आठवडे लागले. एकही आकडा बदललेला नव्हता. एकही नाही.

साप साप म्हणून मी भुई धोपटत होते. दुसऱ्याची लबाडी सापडली नाही, म्हणून मी चक्क निराश झाले, हे नमूद करते. आणि वह्या मिटता मिटता लक्षात आलं की नऊ वर्षांत, तेवीस जणांच्या वह्यांत, ताकदीच्या ओळीत पाचाच्या वर एकदाही, कोणीही, काहीही लिहिलेलं नाही.

मी माझी स्वतःची वही उघडली. गेल्या वर्षीचा मे महिना, एकोणीस तारीख, ताकद चार. शेजारी त्याच दिवसाची माझी डायरी. त्यात लिहिलं होतं: "पाइनच्या रानाच्या कुंपणापर्यंत गेले आणि परत आले. काठी बसमध्येच राहिली होती, हे परत आल्यावर कळलं. घरी येऊन पडदे धुतले."

मग चार कोणी लिहिले? मीच. हे कोणीतरी केलंय, आणि ते कोणीतरी माझ्याच अक्षरात लिहीत होतं.

आठवायचा प्रयत्न केला. पेन हातात घेऊन मी "आठ" लिहायला गेले असेन का? नाही. आठ हा आकडा मनातसुद्धा आला नव्हता. लहानपणापासून कोणी "कशी आहेस?" विचारलं की आपण काय म्हणतो? "आहे कशीबशी." बरी आहे म्हटलं की संपलं, ऐकणाऱ्यांतल्या कोणाची तरी नजर लागते. मी पदवी घेतली आहे, मुलांना विज्ञानाची पुस्तकं काढून देते, आणि माझ्या हातानं नऊ वर्षं रोज, न सांगता, नजर चुकवली.

मी एफिसिया मावशींकडे गेले. त्या अंगणात, झापडांच्या बाहेर, डॉक्टरांनी सांगितलेलं ऊन खात बसल्या होत्या.

"मावशी, वहीत कायम तीन नाहीतर चार. देवळाच्या पायऱ्या तर चढता तुम्ही आता."

"हळू बोल!"

"इथे कोणी नाही."

"कोणी नाही म्हणे. आणि ती वही कोण वाचतं? तू वाचतेस. डॉक्टर वाचतो. मग ती खाली जिल्ह्याला जाते, तिथे कोण कोण वाचतं, त्यांचे डोळे कसे, तुला ठाऊक आहे?"

"आकड्याला कसली नजर लागते हो?"

"आकड्यालाच लागते. माझा बाप सांगत असे का कधी, मेंढरं किती ते? 'आहेत थोडीशी.' बाकिसला विचार, तो तरी सांगतो का? मेंढरं मोजून सांगितली की लांडगा ऐकतो."

"लांडगे नाहीत आपल्या बेटावर, मावशी."

"सांगितलं नाही म्हणूनच नाहीत!"

यावर तुम्ही काय म्हणाला असता?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. ते पुस्तकं खोक्यांत भरत होते. मी सगळं सांगितलं. ते खोक्याच्या कडेवर बसले.

"तुम्हाला संशय आला नाही?" मी विचारलं. "तुम्ही तर सगळ्याचाच संशय घेता."

"सिगारेटींचा घेतला," ते म्हणाले. "उन्हाचा घेतला, दारूचा घेतला. माझ्या गावाकडे लोक डॉक्टरला बरं वाटावं म्हणून बरं आहे म्हणतात. बरं असताना बरं नाही म्हणून कोणी नऊ वर्षं खोटं लिहील, हा संशय मला सुचलाच नाही, बोनारिया. वर्षातून एकदा मी तुमचं चालणं मोजत होतो ना?"

"दवाखान्याच्या पडवीत. बाकावर वीस माणसं बसलेली असताना."

"म्हणजे तिथेही...?"

"तिथे तर सगळ्यात हळू."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी सगळं विचारलं. आकडा सांगायची भीती वाटते का, एवढंच विचारलं नाही."

मला हे मान्य नाही, डॉक्टर. चूक तुमची आहे, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मी म्हटलं, मग सगळ्या आकड्यांत तीन मिळवू आणि पाठवू. ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "कोणात तीन? कोणात चार? खरोखर बिघडलेल्या माणसाचे चार आणि न बिघडलेल्याचे चार आता वेगळे कसे करशील? आणि आता, गट बंद होताना, तुम्ही म्हणणार की आम्ही बरे आहोत. मी कोर्रियासच्या जागी असतो, तर एका अक्षरावर विश्वास ठेवला नसता."

ते बरोबर बोलले. माझी डायरी खरी आहे, हे तरी कशावरून? अकरा वर्षं मला बरं व्हायचं आहे. अशा बाईनं "काठी विसरले" लिहिलं, तर तिच्यावर किती भरवसा ठेवावा? आणि समजा डायरी खरी निघाली, तरी ती एकीची. बावीस जणांचं काय? आमच्यातल्या दोघांचं या पाच वर्षांत खरंच बिघडलं आहे. ते इथे आहेत. गटानं त्यांचा आजार थांबवला नाही, आणि थांबेल असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. त्यांच्या खऱ्या चाराला आमच्या खोट्या चारांनी झाकून टाकलं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

श्री. कोर्रियास यांना मी भेटले. ते रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. त्यांनी तीन महिने द्यायचं कबूल केलं. अट एकच: तेविसांपैकी निदान पंधरा जणांनी महिनाअखेरपर्यंत नाव द्यायचं, आणि ज्यांनी नाव दिलं त्यांचं चालणं दर महिन्याला सर्वांसमोर, घड्याळ लावून मोजायचं. वह्या नकोत, म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे. पंधरा नावं झाली नाहीत, तर एक तारखेपासून बस येणार नाही. आणि बस आली नाही, तर आमच्यातले निम्मे पुन्हा झापडांच्या आत जातील. हे मी अंदाजानं सांगत नाही. पहिल्यांदा मीच जाईन.

गेल्या आठवड्यात मी बैठक घेतली. नाव देणारे किती, म्हणून विचारलं. बावीस जण जमिनीकडे बघत राहिले. आज महिन्याचे नऊ दिवस उरले आहेत आणि कागदावर एकच नाव आहे, माझं.

सोबत्यांनो, मी तुम्हाला हसत नाही. जी गोष्ट माझ्या हातून सुटली नाही, तिच्यावर कशी हसू? कालपर्यंत मला वाटत होतं की हे भाषण मी कागदावरून वाचून दाखवीन आणि पुढचं तुम्ही कराल. पण तुम्हाला आकडा सांगा म्हणायचं आणि आपण नुसत्या नावाच्या आड उभं राहायचं, हे बरं नाही.

तेव्हा सांगते. आज शुक्रवार. झोप सात तास. सिगारेट कधीच नाही. ऊन चाळीस मिनिटं. चालणं, घरापासून इथवर. ताप नाही.

ताकद...

पाणी पिते जरा.

ताकद आठ.

आठ, डॉक्टर. गेल्या मंगळवारी नऊ होती. मी बरी आहे. आणि मला भीती वाटते आहे, तीही खरीच लिहून घ्या.

काय झालं? मावशी, बसा. माझं संपू द्या. अहो, उठू नका, काठी मागे राहिली तुमची... बाकिस काका, धरा ना त्यांना. नको म्हणतात? बरं.

श्रीमती लिदिया, तुम्हाला कल्पना नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे कोणी स्वतःचं चांगलं असं उघड बोलून बसलं, तर जवळच्या माणसानं उठून त्याला हात लावायचा असतो. हात लागला की नजर लागत नाही. तिसऱ्या रांगेतून एफिसिया मावशी तेवढ्यासाठीच येताहेत. दुसरं काही मनात नाही त्यांच्या. निदान मला तसं वाटतं. की आहे? या बाईचं काही सांगता येत नाही.

श्री. कोर्रियास, तुमच्या मनगटावर घड्याळ आहे ना? बघा.

पायरी आहे, मावशी. दोन आहेत. हो, दिसतंय मला की तुम्हाला दिसतंय.

आल्या. हात लावला. ध्वनिक्षेपक मागताहेत... मावशी, हा घ्या. नको? मलाच सांगायला सांगताहेत. म्हणतात, "माझा आकडा नाही सांगणार. पण नाव लिही."

कागदावर दोन नावं झाली.

डॉक्टर, तुमच्यासाठी गावानं शाल आणली आहे, ती नगराध्यक्षा देतील. माझ्याकडून तुम्हाला द्यायला एवढंच होतं, आणि ते नऊ वर्षं उशिरा दिलं. तुमचे, श्रीमती लिदियांचे, घाट चढून आलेल्या श्री. कोर्रियासांचे आणि मला वेळेबाहेर बोलू देणाऱ्या अध्यक्षांचे मी आभार मानते. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाचं गुपित उघडं पडलं असेल, कोणावर नाहक संशय घेतला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

कागद आणि पेन इथे व्यासपीठाच्या कडेला ठेवते आहे. ज्यांना पायऱ्या नकोत, त्यांच्यापर्यंत मी घेऊन येईन. मावशी, आता तरी बसा.

नाही म्हणतात. भिंतीपाशी कोणीतरी हललं, ते बघताहेत.